आईच्या पलंगावर दहा मिनिटं

बेडरूमच्या भिंतींना कोणता रंग दिला म्हणजे मन शांत राहील?

तुम्हाला आवडेल तो. मी टाळाटाळ करत नाही, याहून खात्रीचं उत्तर खरोखरच नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवली. कैदी मिनिटांत निवळतात असा गाजावाजा झाला आणि आणखी कोठड्या गुलाबी झाल्या. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या, तेव्हा तो परिणाम टिकला नाही. रंगावर खर्च करण्याआधी खोलीत उजेड कुठून येतो ते पाहा. अंधाऱ्या खोलीत कोणताही रंग मळकटच दिसतो.

वर्षभर घरूनच काम करतो. दिवसा मरगळ असते, रात्री झोप लागत नाही. घराचा काही संबंध असेल का?

बराच असू शकतो. तुमचं टेबल खिडकीपासून किती लांब आहे? ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. घरात दिवे लावूनही तो बहुधा दोन-तीनशेच्या आसपासच राहतो. डोळा जुळवून घेतो म्हणून आपल्याला फरक कळत नाही, पण शरीराच्या घड्याळाला कळतो. दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत, की दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणं हेच त्यांचं मुख्य काम. दिवसा त्यांना पुरेसा उजेड मिळाला नाही आणि रात्री डोक्यावर पांढरी ट्यूब जळत राहिली, की घड्याळ बिघडतं. टेबल खिडकीजवळ घ्या, पण काटकोनात, म्हणजे स्क्रीनवर चमक येणार नाही. सकाळी अर्धा तास बाहेर पडा. संध्याकाळनंतर छताचे दिवे घालवून पिवळसर टेबललॅम्प लावा. आणि उदासी दोन आठवडे हटली नाही, तर फर्निचर हलवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

दोन मुलांना एकच खोली आहे. सतत कुरबुरी चालतात. मधे भिंत घालावी का?

नको, दोघांचाही उजेड आणि वारा जाईल. प्रत्येकाला स्वतःचा दिवा, स्वतःचा कप्पा आणि ओढता येणारा पडदा द्या. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गोंगाटात कामाला बसवलं होतं. काहींच्या हाताशी आवाज बंद करायचं बटण होतं. बहुतेकांनी ते दाबलंही नाही, तरी नंतरच्या कामात त्यांच्या चुका कमी झाल्या. पडदा रोज ओढला जाईलच असं नाही. ओढता येतो, एवढं मुलांना पुरतं.

आई काही महिने अंथरुणाला खिळून आहे. खोली नव्याने रंगवली, चांगला पलंग आणला, तरी तिची चिडचिड होते. आणखी काय करू?

तिच्या पलंगावर दहा मिनिटं आडवे व्हा. खोली तुम्ही उभ्याने सजवली आहे, ती मात्र दिवसभर निजून पाहते. ट्यूब थेट डोळ्यांत येते का? खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं, की शेजारची भिंत? दाराकडे पाठ आहे का, म्हणजे कोण आलं हे तिला आवाजावरूनच ओळखावं लागतं?

फिनलंडमध्ये पाइमिओ इथे अल्वार आल्टो यांनी क्षयरोग्यांसाठी बांधलेलं रुग्णालय १९३३ मध्ये सुरू झालं. तिथे त्यांनी नेमका हाच विचार केला. छताला डोळ्यांना सौम्य असा हिरवट रंग दिला, दिवा नजरेच्या रेषेबाहेर ठेवला. बेसिनचा आकारही असा, की पाण्याच्या आवाजाने शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये. रुग्णाच्या उशीवरून खोली पाहणारा वास्तुरचनाकार मला आजही विरळाच भेटतो, याचं वाईट वाटतं.

रॉजर उलरिच या संशोधकाचा रुग्णालयातला १९८४ चा अभ्यासही असाच. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण ४६च होते, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला रचू नये. पण खिडकीत कुंडी ठेवायला तेवढा पुरावा पुरे.

दिव्याचं आणि पंख्याचं बटण तिच्या हाताशी आणा. दार उघडं ठेवायचं की लोटायचं, हे तिला ठरवू द्या. आणि पलंग हलवण्याआधी तो कुठे हवा हे तिलाच विचारा. तुमच्या पत्रात रंग आहे, पलंग आहे, पण ती काय म्हणते ते कुठेच नाही.