नीटची तयारी करताना अकरावीला गणितही ठेवावं का?

तू विचारलंयस की दहावीला गणितात चांगले मार्क आहेत, अकरावी सायन्सला लातूरला यायचंय, ध्येय नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. मग बायोलॉजीबरोबर गणितही ठेवून एबी ग्रुप करावा, की गणिताऐवजी भूगोल घ्यावा? वडील म्हणतात, असू दे, एक दार उघडं राहील.

मी लातुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. त्या दारातून तू खरंच जाणार असशील, तरच गणित ठेव.

नीटला नंबर लागला नाही तर काय, हे आधी घरात बसून मोकळेपणानं बोला. 'इंजिनिअरिंगला जाईन आणि मनापासून शिकेन' असं म्हणत असशील तर गणित हवंच. पण 'बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी), व्हेटर्नरी, फार्मसी, नाहीतर बीएस्सी ॲग्री' असं असेल, तर यातल्या एकालाही बारावीचं गणित लागत नाही. उदगीर-परभणीचं व्हेटर्नरी नीटच्याच मार्कांवर मिळतं. फार्मसी आणि ॲग्रीला सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुप चालतो. पालकांना हे कुणी सांगत नाही आणि लेकरू दोन वर्षं नको ते ओझं वाहतं.

अकरावीत हे ओझं जाणवत नाही. बारावीत इंटिग्रेशन सुरू झालं की एकेक गणित अर्धा अर्धा तास खातं, आणि तो वेळ जातो बायोलॉजीतून. नीटच्या 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे, तेही एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ पाठ असेल तर. रविवारच्या टेस्टनंतर एबीच्या लेकरांचे पेपर मी बघतो. फिजिक्सची गणितं झकास सोडवलेली असतात, आणि बायोलॉजीत वाचलेल्याच धड्यावर दोन पर्यायांत अडकून चुकीचा गोल काळा केलेला. चार मार्क हुकले, वर एक कापला गेला. धडा कळलेला असतो, उजळणीच झालेली नसते. याचं मला फार वाईट वाटतं.

ठेवायचंच ठरलं तर सीईटीपुरतं ठेव, आयआयटीसाठीच्या जेईईच्या मागे लागू नको. सीईटीला गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि भर बारावीच्या अभ्यासक्रमावर. फिजिक्स-केमिस्ट्री तर तुझं होणारच आहे.

गणित सोडलं तरी त्रिकोणमिती, व्हेक्टर आणि साधं डेरिव्हेटिव्ह शिकावंच लागेल. त्याशिवाय माझा विषय पुढे सरकत नाही.

आणि वडिलांना हेही सांग, की सोडलेला विषय कायमचा जात नाही. बारावी पास झाल्यावर बोर्डाकडे 'तुरळक विषय' म्हणून एकट्या गणिताची परीक्षा देता येते. फक्त विषय बदलायची मुदत किती आहे, ते ॲडमिशन घेतानाच कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेव आणि पहिल्या घटक चाचणीनंतर काय ते ठरवून टाक.