वारस नोंदीसाठी कोर्टाचा दाखला मागताहेत, सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' लिहिलंय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की वडील गेल्यावर वारस नोंद करायला गेलात, तर 'आधी कोर्टातून वारस दाखला आणा' म्हणून परत पाठवलं, आणि सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापुढे ए.कु.मॅ. असा शेरा आहे. आमच्या वडिलांमागे आम्हीही यातून गेलोय. आईला घेऊन त्या बाकावर बसायचं, आणि आतला माणूस मान वर न करता 'हे चालत नाही' म्हणतो, पण काय चालेल ते सांगत नाही. माणूस गेल्याचं दुःख बाजूलाच राहतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे, साध्या, वाद नसलेल्या वारस नोंदीला कोर्टाचा दाखला लागत नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळणारं प्रमाणपत्र हे मयताचं येणं, ठेवी, शेअर यांच्यासाठी असतं. जमिनीची वारस नोंद ही महसूल खात्याची वेगळी प्रक्रिया आहे. त्यासाठी अर्ज, मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, नातं, वय, पत्ता लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्रं गावच्या तलाठ्याकडे द्यायची. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. पाटी बदललेली दिसली तर गोंधळू नका, कार्यालय तेच.

अर्ज तोंडी चर्चेवर सोडू नका. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते आणि ती घेणाऱ्याने लगेच लेखी पोच द्यायची असते. पोच मागा. महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज केलात तर क्रमांक आपोआप मिळतो. नुसतं 'होत नाही' म्हणाले तर 'कारण लेखी द्या' एवढंच शांतपणे म्हणा. आमच्याकडे कोर्टाच्या दाखल्याचा विषय या एका वाक्यावर संपला.

आता ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी आजोबा वारले की थोरल्या मुलाचं नाव मॅनेजर म्हणून लागायचं आणि बाकी भावंडं सातबाऱ्यावर दिसायचीच नाहीत. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या नावावरची सगळी जमीन एकट्या त्यांचीच आहे असं धरून चालू नका. सातबाऱ्यावर त्या नोंदीचा फेरफार (म्हणजे हक्क बदलल्याची नोंद) क्रमांक असतो. त्या जुन्या फेरफाराची नक्कल काढा. आजोबांचे बाकीचे वारस कोण, ते बहुधा तिथेच सापडेल. मग काका-आत्यांना बरोबर घेऊन शेरा कमी करून सगळ्यांची नावं लावण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करा. भावकीशी आधी बोलून घ्या, कारण इथे एकाने हरकत घेतली की प्रकरण तक्रारीत जातं आणि वर्षं जातात.

वारसांच्या यादीत बहिणी हव्यातच, त्यांची लग्नं झालेली असली तरी. आणि आजी हयात असेल तर तीही! हिंदू उत्तराधिकार कायद्यात मयताची आई पहिल्या वर्गाची वारस आहे, हे हमखास विसरलं जातं. तुमच्या आईचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात टाकायला निघाले तर ठामपणे नकार द्या. ती भोगवटादार, म्हणजे जमिनीची हक्कदार आहे, तिचं नाव मुलांच्या रांगेतच लागलं पाहिजे. मला या सगळ्यात सर्वात जास्त चीड आली ती याच गोष्टीची. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर तिच्या मर्जीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. साध्या कागदावरची सही पुरत नाही.

पुढचा क्रम असा: वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना 6क मध्ये नावं चढतात, चौकशी होते, मग गाव नमुना 6 मध्ये फेरफार धरला जातो. संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. 'नोंद धरली' म्हणजे काम झालं असं समजून घरी बसू नका, 'प्रमाणित झाली का?' असं विचारा.

नोंद रद्द झालीच, तर आदेशाची नक्कल लगेच घ्या. प्रांतांकडे अपिलाची मुदत 60 दिवसांची असते.