गुणसूत्राचा तुकडा उलटा बसल्याने कीटकांची नवी प्रजाती तयार होते का?

गुणसूत्राचा एखादा तुकडा तुटून उलटा बसला, तर एवढ्यावरून नवी प्रजाती कशी निर्माण होईल, असे आपण विचारले आहे. केवळ एवढ्याने ती होत नाही. मात्र दोन गट आधीच वेगळे होऊ लागले असतील, तर तो उलटा तुकडा त्यांना पुन्हा एकजीव होऊ देत नाही, असे माझे मत आहे.

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्ही ड्रोसोफिला माशीच्या पूर्ण वाढलेल्या अळीच्या लाळग्रंथी काढतो, ॲसिटो-ऑर्सिनने रंगवतो आणि कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबतो. तेथील गुणसूत्रे जाडजूड, आडव्या पट्ट्यांची असतात आणि आईकडचे व बापाकडचे गुणसूत्र पट्टीला पट्टी जुळवून एकमेकांना चिकटलेले असते. केळ्यावर धरलेल्या माश्यांच्या अळ्यांत कधी दोघांपैकी एकाचाच तुकडा उलटा निघतो. मग जुळण्याच्या धडपडीत त्या जागी चक्क फास पडलेला दिसतो. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नव्हता.

अंडे तयार होताना अशा फासात जनुकांची अदलाबदल झाली, तर सदोष गुणसूत्रे निपजतात आणि ती सहसा अंड्यापर्यंत पोचत नाहीत. (नरमाशीत अशी अदलाबदल मुळातच होत नाही.) त्यामुळे माशीची प्रजननक्षमता फारशी घटत नाही, पण त्या तुकड्यातली जनुके पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच राहतात.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा आणि पर्सिमिलिस या माश्या दिसायला इतक्या सारख्या आहेत की, 1944 पर्यंत त्या एकाच प्रजातीचे दोन वंश मानल्या जात. पर्सिमिलिस जिथे राहते तिथे स्यूडोऑब्स्क्युराही असते आणि त्यांचा क्वचित संकरही होतो; संकरित नर वंध्य निघतात, माद्या मात्र प्रजननक्षम असतात. म्हणजे माद्यांमार्फत जनुके इकडून तिकडे जाण्याची वाट उघडी आहे. तरीही जनुकशास्त्रज्ञ मोहम्मद नूर आणि सहकाऱ्यांना 2001 साली असे आढळले की, संकरित नरांचे वंध्यत्व आणि माद्यांची जोडीदाराची निवड ठरवणारी जनुके मुख्यतः उलट्या तुकड्यांतच आहेत. इतरत्र सरमिसळ झाली, तरी हा भाग अदलाबदलीपासून सुरक्षित राहतो.

पण उलटा तुकडा एकटा पुरेसा नसतो, हेही इथेच दिसते: याच स्यूडोऑब्स्क्युराच्या तिसऱ्या गुणसूत्राच्या, तुकडे उलटून झालेल्या, तीसहून अधिक वेगवेगळ्या रचना ज्ञात आहेत, आणि त्या बाळगणाऱ्या माश्या आपसात बिनदिक्कत प्रजनन करतात.