आलेला पूर देव ‘न आलेला’ करू शकेल का?

प्रश्न : देव सर्वशक्तिमान आहे, तर ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी चढलेलं कृष्णेचं पाणी ‘चढलंच नव्हतं’ असं तो आज करू शकेल का? आणि स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दगड. गवंडी स्वतःला न हलणारी भिंत बांधू शकतो, कारण त्याची ताकद मर्यादित असते. देवाबाबत मात्र मागणी अशी होते : ‘जो काहीही उचलू शकतो, त्याला न उचलता येणारा दगड.’ हा वदतोव्याघात झाला, म्हणजे स्वतःलाच खोडणारं बोलणं. वर्णनच उभं राहत नाही, मग घडवायचं काय? दगड घडवून देवाने आपली शक्तीच सोडली, असं मानता येईल. पण त्या क्षणापासून तो सर्वशक्तिमान नाही.

सशाचं शिंग आणि वंध्यापुत्र (वांझेचा मुलगा) आपण एका दमात म्हणतो, तिथेच गल्लत होते. सशाला शिंग नाही, पण असायला हरकतही नाही. देवाला ते सहज जमावं. वंध्यापुत्र मात्र शब्दांतच मोडतो. म्हणून प्रत्येक ‘अशक्य’ असं तपासावं : एकाच वस्तूविषयी, एकाच वेळी, एकाच अर्थाने ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही म्हटलंय का? तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने म्हटलं, अशा ठिकाणी ‘देव करू शकत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘ते होऊच शकत नाही’ म्हणणं बरं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला हे पटलं नाही. १६३० च्या पत्रांत तो गणितातली सत्यंही देवाच्या इच्छेवर सोपवतो. तसं असेल तर देव तो दगड घडवील आणि उचलीलही! पण मग कुठल्याच युक्तिवादाला आधार राहत नाही. ही किंमत आम्हाला फार वाटते.

आता पूर. कीर्तनात देवाला ‘कर्तुमकर्तुमन्यथाकर्तुम्’ समर्थ म्हणतात. शंकराचार्य ब्रह्मसूत्र १.१.२ वरच्या भाष्यात असेच शब्द कर्मापुरते वापरतात : कर्म करता येतं, टाळता येतं, वेगळ्या रीतीने करता येतं, वस्तू ‘आहे की नाही’ यात तसा विकल्प नसतो. पूर आधीच अडवणं, ओसरवणं, त्याच्या खुणा आणि आठवणीसुद्धा पुसणं, यात विसंगती नाही. ‘आलेला पूर आला नव्हता’ यात आहे.

मात्र होऊन गेलेल्या गोष्टीसाठी प्रार्थना व्यर्थ, असं यातून निघत नाही. पुरात अडकलेला भाऊ काल सुटला की नाही हे कळलेलं नसताना आज केलेली प्रार्थना, पुढचं जाणणाऱ्या देवाने कालच ऐकलेली असू शकते. त्यासाठी भूतकाळ बदलावा लागत नाही.