फॉर्म तिचा, ओटीपी तुमच्या मोबाईलवर

नमस्कार. मुलीला बीएस्सी मायक्रोबायॉलॉजीला ५८ टक्के मिळाले. घातक जंतू हाताळण्याचे नियम सारखे बदलतात, तेव्हा लॅबमध्ये जीव धोक्यात घालण्यापेक्षा कायद्याच्या बाजूने त्याच क्षेत्रात शिरावं, असं ठरवून तुम्ही तिचा एलएलबी सीईटीचा फॉर्मही भरून टाकलात. आणि आता विचारताय, बरोबर केलं ना?

५८ टक्क्यांची मला काळजी नाही. दोन पानी पत्रात तिचं म्हणणं एकदाही येत नाही, त्याची आहे. ‘ती हल्ली गप्पच असते’ एवढंच आहे, आणि तेही तुम्ही होकार म्हणून धरलंय. फॉर्म तिचा आणि ओटीपी तुमच्या मोबाईलवर, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत.

नियम बदलले की वकील लागतात, हा समजही चुकीचा. घातक जंतूंच्या वापराबाबतच्या १९८९च्या नियमांत संस्थेच्या जैवसुरक्षा समितीत संस्थाप्रमुख, शास्त्रज्ञ, वैद्यकीय तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी आहे, वकील नाही. बदललेला नियम पोचतो तो ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रापाशी. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार लॅबचा जंतूयुक्त कचरा जागेवरच निर्जंतुक करून मग बाहेर द्यायचा. कागदावर एक ओळ. पण मीडियाला (जंतू वाढवायच्या पोषक द्रव्याला) १५ मिनिटं पुरतात म्हणून कचऱ्यालाही तेवढीच लावली जातात. नियमात ग्रॅव्हिटी ऑटोक्लेव्हला (ज्यात वाफच हवेला खाली ढकलून बाहेर काढते) १२१ अंशांवर ६० मिनिटं आहेत. त्यात पिशवी ठासून भरून तोंड आवळलेलं. आत हवा अडकते, वाफ मधोमध पोचत नाही. डायल १२१ दाखवते आणि पिशवीच्या पोटातल्या प्लेटांवरचे जंतू जिवंतच. पिशवीवर चिकटवलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्टीचा रंग बदलला तरी ती साक्ष तेवढ्याच जागेची. म्हणून पिशवी दोन-तृतीयांश भरायची, तोंड सैल ठेवायचं, स्पोअर स्ट्रिप (चिवट जिवाणूंचे बीजाणू असलेली पट्टी) कचऱ्याच्या मधोमध ठेवायची आणि नंतर ती इन्क्युबेट करून, म्हणजे उबेत ठेवून, वाढ होते का पाहायचं. ही चाचणी आठवड्यातून किमान एकदा, नोंदीसकट. वाढ दिसली तर चूक वेळेची, भरण्याची की दाराच्या गॅस्केटची (वाफ अडवणाऱ्या रबरी कडीची), हे मायक्रोबायॉलॉजिस्टच शोधतो.

धोक्याचं म्हणाल, तर बीएस्सी झालेल्या मुलीला कुणी थेट बीएसएल-४मध्ये, म्हणजे सर्वांत घातक जंतूंच्या लॅबमध्ये, उभं करत नाही.

एमएस्सीसाठी सीयूईटी-पीजी किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा, पुढे संशोधनासाठी नेट परीक्षा. हे तिला माहीत असणारच.

पुढचं पत्र तिचं येऊ दे. टक्के नकोत. कोणतं प्रॅक्टिकल वेळ संपल्यावरही सोडवेना आणि कोणतं कधी एकदा उरकतं असं झालं, एवढं लिहिलं तरी पुरे. तिला खरंच कायदा शिकायचा असेल तर तेही तिनेच लिहावं. आणि फॉर्मची फी भरायची राहिली असेल, तर तूर्त भरू नका.