वायफाय प्रिंटर दर दोन-तीन दिवसांनी 'ऑफलाइन' होतो, ड्रायव्हर टाकून टाकून कंटाळलो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की प्रिंटर वरच्या खोलीत आहे, राउटर खाली हॉलमध्ये. सकाळी क्लासच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका काढायला बसलं की लॅपटॉपवर 'ऑफलाइन' येतं. ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकलात, दर वेळी दोन दिवस नीट चाललं आणि पुन्हा तेच. आता दुकानदार म्हणतोय की प्रिंटरचं वायफाय कार्ड गेलंय, नवा घ्या.

इतक्यात नवा घेऊ नका. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, बसतो लॅपटॉपमध्ये. तो पुन्हा टाकल्याने प्रिंटरमधलं कार्ड दुरुस्त व्हायचं काही कारण नाही. तरीही तुमचा प्रिंटर दर वेळी दोन दिवस चालतो, म्हणजे कार्ड बहुतेक धडधाकट आहे आणि गडबड दुसरीकडे आहे.

माझं बार्शीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एका वर्षी जुलैअखेरीस, पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत, दुकानाबाहेर शेतकऱ्यांची रांग आणि प्रिंटर तासातासाला ऑफलाइन. फॉर्म भरला जायचा, पैसे जायचे, पण पावती हातात पडत नाही तोवर माणूस हलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्या आठवड्यात मी चार वेळा ड्रायव्हर टाकला. एक म्हातारे गृहस्थ दोन तास बसून पावतीविना परत गेले, वैरागहून एसटीने आले होते. ते अजून आठवतं. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी एकेक गोष्ट तपासत बसलो, तेव्हा कुठे लक्षात आलं की मी चुकीच्या टोकाला औषध लावत होतो.

'ऑफलाइन' हा एकच शब्द दोन वेगवेगळ्या आजारांना वापरला जातो. एकात प्रिंटरचं राउटरशी नातं तुटलेलं असतं. दुसऱ्यात प्रिंटर राउटरला व्यवस्थित जोडलेला असतो, पण लॅपटॉप त्याला भलत्याच पत्त्यावर शोधत असतो. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि माझ्या पाहण्यात घरोघरी दुसराच आजार जास्त असतो. राउटर बंद-चालू केला की कधी कधी दोन्ही तात्पुरते बरे होतात, म्हणून खरं दुखणं कधी सापडतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफलाइन आलं की पाच मिनिटं कशालाही हात लावू नका. ना राउटर बंद, ना प्रिंटर. आधी मोबाइल घरच्या वायफायवर आहे याची खात्री करून त्यावरून एक पान छापायला द्या. मोबाइल बहुधा दर वेळी प्रिंटरला नव्याने हाक मारून शोधतो, जुन्या पत्त्यावर विसंबत नाही. मोबाइलवरून पान निघालं आणि लॅपटॉपवर ऑफलाइनच असेल, तर प्रिंटर आणि राउटर निर्दोष आहेत.

मग प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून नेटवर्कची माहिती असलेलं पान काढा. स्क्रीन असेल तर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क कॉन्फिगरेशन' किंवा तशाच नावाने ते असतं. नसेल तर कोणतं बटण किती वेळ दाबायचं हे माहितीपुस्तिकेत सापडेल. या पानाला वायफाय लागत नाही, ते प्रिंटर आपलं आपण छापतो. त्यावरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे घरच्या वायफायवरचा प्रिंटरचा पत्ता, बघा. साधारण १९२.१६८.१.७ असा काहीतरी असेल. तो आकडा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये जसाच्या तसा टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, तर वायफाय उत्तम आहे.

आता लॅपटॉप कुठे शोधतोय ते बघू. विंडोजमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जा, तुमचा प्रिंटर निवडा, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा, त्यात 'पोर्ट्स' हा टॅब आहे. लॅपटॉप छापायचं काम कुठे पाठवतो ते इथे लिहिलेलं असतं. ज्या ओळीपुढे टिक आहे तिथे कागदावरच्यापेक्षा वेगळा आकडा असेल, तर चोर सापडला.

हे होतं कसं, तर राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता भाड्याने देतो. बऱ्याच राउटरमध्ये हा करार २४ तासांचा असतो. रात्रभर प्रिंटर बंद किंवा गाढ झोपेत, मधे लाईट जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला. अनेक घरगुती राउटर कोणाला काय दिलं होतं हे अशा वेळी विसरतात आणि वाटप पुन्हा पहिल्यापासून करतात. काल प्रिंटरकडे असलेला ७ नंबर आज घरातल्या एखाद्या मोबाइलकडे जातो. लॅपटॉप मात्र इमानेइतबारे ७ कडेच प्रश्नपत्रिका पाठवत राहतो. ड्रायव्हर पुन्हा टाकताना तो प्रिंटरला नव्याने शोधतो आणि आजचा पत्ता लिहून घेतो, म्हणून पुढचं वाटप बदलेपर्यंत सगळं सुरळीत. तुमचे ते दोन दिवस मला तरी हेच सांगतायत.

उपाय एकदाच करायचा आहे. राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याच्या सेटिंग्जचा पत्ता आणि पासवर्ड असतो. आत गेल्यावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी मॅक बाइंडिंग' असं काहीतरी शोधा, सहसा ते डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) किंवा लॅन (घरातलं जाळं) या भागात मिळतं. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, द्यायचा. हा दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा आकडा त्याच नेटवर्कच्या पानावर छापलेला असतो. प्रिंटरला मागे लॅनच्या केबलचं भोकही असेल तर पानावर दोन मॅक असतात, त्यातला वायरलेसचाच घ्या. माझा एक अख्खा दिवस इथे गेला होता. मग त्या मॅकला कायमचा एक पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.५०, सेव्ह करा आणि प्रिंटर एकदा बंद-चालू करा.

काही जण सांगतील की प्रिंटरमध्येच हाताने पत्ता टाका, तेवढंच पुरे. मी ते टाळतो. राउटरला ते कळत नाही, तो तोच आकडा उद्या दुसऱ्या कोणाला देऊन बसू शकतो आणि मग एकाच पत्त्यावर दोघं. शिवाय उद्या राउटर बदलला आणि त्याचे आकडे १९२.१६८.०ने सुरू होत असतील, तर प्रिंटर जुन्याच आकड्यांवर अडून बसतो. इंटरनेटवाल्याने राउटरचा पासवर्ड बदलून ठेवला असेल तर त्याला फोन करून हे काम करून घ्या. काम दोन मिनिटांचं आहे, आग्रह धरा.

पत्ता पक्का झाला की लॅपटॉपवर त्याच 'पोर्ट्स' टॅबमध्ये 'ॲड पोर्ट', मग 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून हा ५० नंबरवाला पत्ता द्या. विंडोजने यंत्राचा प्रकार विचारला तर 'जेनेरिक नेटवर्क कार्ड' राहू द्या. तिथे आधीपासून 'डब्ल्यूएसडी' नावाचा पोर्ट निवडलेला असेल तर तो बदलणं आणखी गरजेचं. तो प्रिंटर आपोआप ओळखतो म्हणून सोयीचा वाटतो, पण प्रिंटर झोपून उठला की त्याची ओळख पटायला मधेच अडखळतो. स्कॅनर मात्र नव्या टीसीपी/आयपी पोर्टवर चालत नाही, त्याचा मार्ग वेगळा असतो. पोर्ट बदलल्यावर स्कॅन होतंय ना हे लगेच तपासून घ्या.

आणि त्याच ठिकाणी 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी एक चौकट आहे, तिची टिक काढा. लॅपटॉप या मार्गाने प्रिंटरला 'कसा आहेस' विचारत असतो आणि उत्तर मिळालं नाही की त्याला ऑफलाइन ठरवतो. प्रिंटर मात्र छापायला तयार उभा असतो. पत्ता दोन्हीकडे तंतोतंत जुळतो, ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि तरी ऑफलाइन, असं असेल तर कारण बहुधा ही टिक, नाहीतर प्रिंटच्या रांगेच्या खिडकीत चुकून निवडलेलं 'यूज प्रिंटर ऑफलाइन'.

हे झालं दुसऱ्या आजाराचं. कागदावर पत्ताच नसेल, ०.०.०.० असेल किंवा १६९.२५४ने सुरू होणारा असेल, तर मात्र प्रिंटर खरोखरच राउटरपासून तुटलाय. १६९.२५४ म्हणजे राउटरकडून पत्ता न मिळाल्याने त्याने स्वतःच घेतलेला पत्ता. मग वरच्या खोलीची गोष्ट कामाची ठरते. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ वर बोलतात. आजकालचे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने चालवतात आणि यंत्रांना इकडून तिकडे ढकलत राहतात. लॅपटॉपला त्याचं काही वाटत नाही, साधा प्रिंटर गोंधळतो. राउटरमध्ये दोन्हींची नावं वेगळी करा आणि प्रिंटरला २.४ वरच बसवा. लॅपटॉप ५ वर राहिला तरी चालतं, राउटर एकच असला म्हणजे झालं.

२.४ चं चॅनेल 'ऑटो'वर असेल तर १, ६ किंवा ११ पैकी एक पक्कं करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. आपल्याकडे राउटर १२ किंवा १३ वरही जाऊ शकतो, आणि काही प्रिंटरना ११ च्या पुढचं दिसतच नाही. वायफायच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करा, जुन्या प्रिंटरला ३ कळत नाही. नेटवर्कच्या पानावर सिग्नलचा आकडा असेल तर तोही बघा. उणे ६५ च्या आसपास छान, उणे ८० म्हणजे स्लॅब मधे येतोय. तेव्हा राउटर टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटावरून हलवा, नाहीतर प्रिंटरच खाली आणा.

वर सिग्नल यावा म्हणून तुम्ही दुसरा राउटर लावलाय का? लावला असेल आणि तो स्वतःचे पत्ते वाटत असेल, तर घरात दोन वेगळी जाळी झाली. प्रिंटर एकात आणि लॅपटॉप दुसऱ्यात असला की गाठ पडणं अवघड. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता नुसतं वायफाय पुरवेल.

लाईट जाण्याचंही बघा. फायबरचा राउटर पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, प्रिंटर त्याआधीच जागा होऊन राउटर शोधतो आणि काही प्रिंटर थोड्या प्रयत्नांनंतर थकून गप्प बसतात. राउटरला छोटा मिनी यूपीएस लावला की हा त्रास संपतो. लेझर प्रिंटर मात्र घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर टाकू नका. त्याचा शाई भाजणारा भाग तापताना एकदम खूप करंट ओढतो.

माझ्या दुकानात मी शेवटी लॅनची केबल टाकली, कारण तिथे रांग थांबू शकत नाही. पत्ता मात्र तिथेही राउटरमध्ये बांधून ठेवलाय, केबल लावली तरी पत्ता बदलू शकतोच. तुमच्या घरी केबल वरच्या मजल्यावर नेण्याची गरज पडेल असं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी बंद पडला की प्रिंटरच्या कागदावरचा पत्ता आणि 'पोर्ट्स'मधला पत्ता, दोन्ही आकडे इथे खाली लिहा. मोबाइलवरून पान निघालं की नाही तेही सांगा. मी रात्री दुकान बंद केल्यावर रोज बघतो.