जाळरेषेच्या कामाला येण्यापूर्वी

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाळरेषेच्या, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवायच्या पट्ट्याच्या, कामाला आपण यंदा प्रथमच येत आहात आणि अमेरिकेतील पाइनच्या जंगलांप्रमाणे इथेही अधूनमधून आग का लावू नये, असे विचारता, म्हणून लिहितो. तिथल्या लाँगलीफ पाइनचे रोपटे सुरुवातीची काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे जमिनीलगत राहते. त्याचा कोंब लांब सुयांच्या आत झाकलेला असतो, त्यामुळे दर २-३ वर्षांनी संथ आग फिरवली की झुडपे आणि वाळलेल्या सुया जळतात, रोपाला ऊन मिळते आणि मोठ्या वणव्याचे इंधन घटते. धोका वाऱ्याचा. न्यू मेक्सिकोत २००० साली अशीच मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर जाऊन लॉस अलामॉसमधील दोनशेहून अधिक घरे जळाली, आणि ती तर जाणकारांनी लावली होती!

येऊरचे वन साग-ऐनाचे. पाइनचा हिशोब इथे लागू होत नाही. आपण फक्त पट्ट्यातले गवत कापतो. ते जाळण्याचा निर्णय वनरक्षकांचा. सकाळी मुठीत चुरलेला पाचोळा ओलसर लागला, तरी दुपारी खाडीकडून वारा सुटल्यावर त्याचाच कुरकुरीत भुगा होतो. नायलॉनचा टी-शर्ट मात्र घालू नका, सुतीच घाला.